उलट्या आट्यांचं पायडल

पाऊस ओसरून रस्ते वाळले की दुकानात सायकली यायला लागतात आणि या सदराकडे पत्रं. या वेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं क्रँक (पायडल ज्यावर बसतं तो धातूचा हात) आणि पायडलची आहेत, आणि त्यातलीही बहुतेक डाव्या बाजूची. म्हणून ब्रेक आणि गिअरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो. आज फक्त हेच.

प्रश्न: आम्ही सहा जणी ऑगस्टमध्ये माउंटन बाइकवर मनालीहून लेहला निघालो होतो. विमानासाठी सायकली खोक्यात भरताना पायडलं काढली होती, ती मनालीच्या हॉटेलात बसवली. माझं डावं पायडल सुरुवातीपासून जड जात होतं, पण पाना लावल्यावर गेलं. रोहतांगच्या चढावर कट्-कट् असा आवाज यायला लागला. केलाँगच्या पुढे, जिस्पा यायच्या जरा आधी, पायडल माझ्या बुटासकट निघून आलं. त्याच्या आट्यांवर चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. पुढचा सगळा प्रवास मी सामानाच्या गाडीतून केला. पुण्यात एका दुकानात सांगितलं की पूर्ण क्रँकसेट बदला. लेथवाले म्हणतात भोक वेल्डिंगने भरून नवे आटे पाडून देतो. मैत्रीण म्हणते हेलिकॉइल बसव. कुणाचं ऐकू? आणि माझं चुकलं काय? (पुणे)

उत्तर: ताई, ती चांदीची तार म्हणजे तुमच्या क्रँकचे आटेच. पायडलचा दांडा पोलादी असतो आणि क्रँक ॲल्युमिनियमचा. दोघांची झटापट झाली की हरायचं ते ॲल्युमिनियमनेच. पायडल बहुतेक जसंच्या तसं असेल. ती तार चिमट्याने काढा, दांडा रॉकेल लावून ब्रशने घासा आणि आटे नखाने तपासा. नख कुठे अडकलं नाही तर ते पायडल पुन्हा वापरता येईल.

आता चुकलं काय ते. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी दोनदा वाचलं: ‘सुरुवातीपासून जड जात होतं, पण पाना लावल्यावर गेलं.’ पायडल सुरुवातीला जड जाणं म्हणजे ते तिरकं लागलं आहे. चाळीस सेंटिमीटरच्या पान्यापुढे ॲल्युमिनियम काय करणार? पोलादी दांडा जुने आटे कापत स्वतःची वेगळी वाट पाडत आत जातो. बाहेरून पायडल बसल्यासारखं दिसतं, पण आत त्याला धरून ठेवणारे धड आटे दोन-तीनच उरलेले असतात.

ते दोन-तीन आटे काय सोसतात याचा हिशेब मांडू. माउंटन बाइकच्या पायडलचा दांडा ९/१६ इंचाचा, म्हणजे साधारण १४.३ मिलिमीटर जाड असतो. त्यावर इंचाला २० आटे. क्रँकच्या जाडीत त्यातले दहाएक बसतात. चढावर उभं राहून एका पायावर ७० किलोचा भार टाकला, तर तो भार क्रँकच्या तोंडापासून सहा-सात सेंटिमीटर बाहेर, तुमच्या तळव्याखाली पडतो. म्हणजे दर फेऱ्याला तो दांडा ४० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोराने भोकातून वाकवून उपटायचा प्रयत्न होतो. दहा आटे हे वर्षानुवर्षं सोसतात. तीन आट्यांनी तुम्हाला रोहतांग पार करून दिला हेच खूप.

पण डावंच का, हा प्रश्न आणखी चौघांनी विचारलाय. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवल्यावर घट्ट होणारे. हॉटेलच्या खोलीत सायकल पलंगाला टेकवलेली, दिवा मिणमिणता, हाताला आयुष्यभराची सुलटी सवय. मग डावं तिरकं लागतं, किंवा डावं-उजवं पायडल अदलाबदल होऊन सुलट्या आट्यांचा दांडा उलट्या भोकात कोंबला जातो. पायडलच्या दांड्यावर एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात, पण ती बारीक असतात आणि वंगणाने भरून जातात. ती पुसून वाचावी.

हे आटे उलटे ठेवण्यामागे कारण आहे. एक पेन्सिल घ्या. डाव्या हाताच्या बोटांचं सैलसर कडं करून त्यात ती उभी धरा आणि उजव्या हाताने तिचं वरचं टोक कड्याला दाबत गोल फिरवा. टोक ज्या दिशेला फिरतं, पेन्सिल स्वतःभोवती त्याच्या उलट दिशेला वळते. क्रँकच्या भोकात हेच चालतं. तुमचा भार नेहमी खाली असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे भोकाच्या दृष्टीने तो भार गोल फिरतो आणि दांडा केसाकेसाने उलटा सरकतो. दोन्हीकडे सुलटे आटे ठेवले असते तर डावं पायडल चालता चालता सुटलं असतं. विमानाच्या आधी राइट बंधूंचं सायकलचंच दुकान होतं, अमेरिकेत डेटन गावी. त्यांनी १९०० साली आपल्या सायकलींची जाहिरात केली ती ‘न सुटणारं पायडल’ म्हणून. लेथवर उलटे आटे पाडताना मला त्या दोघांची आठवण हटकून होते.

आता तीन सल्ल्यांकडे येतो. वेल्डिंग करू नका. मी दुकान काढण्याआधी भोसरीला अठरा वर्षं लेथ चालवली, तेव्हा लेथवाल्याच्या हातावर माझा अविश्वास नाही. तो भोक भरील, आटेही सुंदर पाडील. पण क्रँक ठोकून घडवलेला आणि नंतर उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने त्या भोकाभोवतीचा कडकपणा जातो. दिसायला नवा, आतून मऊ. असा क्रँक उतारावर पायडलच्या भोकापाशी वाकून तुटलेला मी हातात धरलेला आहे. चालवणाऱ्या मुलाचं मनगट मोडलं होतं.

पूर्ण क्रँकसेट बदलायचीही गरज दिसत नाही. दातऱ्या चांगल्या असतील तर फक्त डावा क्रँक मिळतो. घेताना दोन गोष्टी जुळवा. एक, लांबी. ती क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ कोरलेली असते, १७० किंवा १७५. पाच मिलिमीटरचा फरक गुडघ्याला रोज कळतो. दुसरी, दोन्ही क्रँक जोडणाऱ्या मधल्या एक्सलची जात: चौकोनी, खाचांची की २४ मिलिमीटरची पोकळ नळी. जुना क्रँक पिशवीत घालून दुकानात न्या. फोनवरच्या फोटोवरून घेतलेले क्रँक परत करायला आलेली माणसं मी फार पाहिली.

क्रँक महागाचा असेल किंवा जोडीतला डावा मिळत नसेल तर मैत्रिणीचा सल्ला धरा, थोडा बदल करून. हेलिकॉइल म्हणजे तारेची गुंडाळी. ती चालते, पण पायडलच्या जागी मला भरीव पोलादी बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेलं कडं, जास्त भरवशाचा वाटतो, कारण इथे भार सरळ ओढणारा नसून वाकवणारा आहे. भोक मोठं करून त्यात मोठे आटे पाडायचे, लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बुश बसवायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. बुशला काठ असतो, तो क्रँकवर पक्का टेकला पाहिजे. काम करणाऱ्याला आधी विचारा, ‘तुमच्याकडे डाव्या आट्याचा बुश आहे ना?’ तो क्षणभर गप्प झाला तर क्रँक उचलून बाहेर पडा. भोकाभोवती बारीकशी जरी भेग दिसली तरी बुश नको. तो क्रँक भंगारात.

आणि पुढच्या वेळी आवाज आला की उतरा. पायडल धरून वरखाली हलवा, दांड्याची कडा आणि क्रँकचं तोंड यांच्यात नख जाईल एवढी फट आहे का बघा. रोहतांगच्या चढावर तुम्हाला ऐकू आला तो आवाज उरलेल्या आट्यांचा होता. त्या क्षणी थांबून ते पायडल काढलं असतं तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून क्रँक वाचण्याची शक्यता होती.

प्रश्न: माझी सायकल दोन वर्षं पडवीत होती. आता पायडलं बदलायची आहेत पण एकही हलत नाही. पान्याला पाइप लावून जोर केला तर पानाच घसरला आणि बोटांची पेरं फुटली. (रत्नागिरी)

उत्तर: समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसले की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. जोर करण्याआधी दिशा नक्की करा, कारण अर्धी माणसं पाइप लावून पायडल आणखी आवळत असतात. डावं-उजवं, उलटं-सुलटं सगळं विसरा आणि एवढंच धरा: पाना वर उभा ठेवा. त्याचं टोक मागच्या चाकाकडे ओढलं की पायडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. हे दोन्ही बाजूंना खरं आहे, आणि आतल्या बाजूने ॲलन की लावली तरी खरं आहे.

आज रात्री आटे जिथे क्रँकच्या आतल्या बाजूला दिसतात तिथे गंज सोडवणारं तेल सोडा. सायकल आडवी ठेवा म्हणजे तेल आत झिरपेल. उद्या सकाळी पातेलंभर पाणी खळखळून उकळा आणि क्रँकच्या टोकावर बारीक धारेने ओता, दांड्यावर नको. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक दांड्यावरची पकड सोडतं. लगेच पंधराचा लांब पाना लावा. त्याआधी चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या दातरीवर चढवा, म्हणजे पाना सटकला तरी हात दात्यांवर आपटणार नाही. एक धक्का, झटक्याने. एका ओतण्यात नाही झालं तर दोनदा-तीनदा करा.

सुटल्यावर दोन्हीकडचे आटे जुन्या दातब्रशने घासा आणि ग्रीस लावा. कोकणात तुम्ही वर्षातून दोनदा पायडलं काढून ग्रीस लावावं असं मी सांगेन, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: माझ्या मुलाला सातवीत गेल्यावर गिअरची सायकल घेऊन दिली. चार महिन्यांत तिचा डावा क्रँक ढिला होऊ लागला. कोपऱ्यावरचे दादा दर रविवारी हातोडीने ठोकून, बोल्ट आवळून देतात. बुधवारपर्यंत पुन्हा डुगडुगतो. सायकलच खराब निघाली का? (नाशिक)

उत्तर: सायकल खराब निघालेली नाही, तो डावा क्रँक मात्र आता गेला आहे. तुमच्या दादांवर रागावू नका, ते त्यांना शिकवलेलं काम करत आहेत. काळ्या दांड्याच्या जुन्या सायकलीत क्रँक कॉटर पिनेवर असायचा, आणि कॉटर हातोडीनेच बसवायची असते. पिढ्यान्‌पिढ्या ते हात तसे घडलेत. पण तुमच्या मुलाच्या सायकलीत कॉटर नाही. तिथे पोलादी एक्सलचं टोक चौकोनी आणि थोडं निमुळतं आहे, आणि ॲल्युमिनियमचा क्रँक बोल्टच्या ताणाने त्यावर चढत चढत घट्ट बसतो. हातोडीचा घाव क्रँकला घट्ट करत नाही. तो थेट आतल्या छर्‍यांना आणि कपांना बसतो आणि तिथे खड्डे पडतात.

मूळ गोष्ट अशी झाली असणार की दुकानातून सायकल जोडून देताना तो बोल्ट पुरेसा आवळला गेला नाही. पहिल्या आठवड्यात क्रँक किंचित हलला आणि तुमचा मुलगा तसाच शाळेत जात राहिला. ढिल्या क्रँकवर चालवलेले दोन-तीन किलोमीटरसुद्धा त्या चौकोनाच्या कडा खायला पुरतात. चौकोन एकदा गोलसर झाला की तो कितीही आवळा, पकड येत नाही. म्हणून बुधवार उजाडतो आणि डुगडुग सुरू होते.

घरी एक तपासणी करा. दोन्ही क्रँकची टोकं दोन हातांत धरा आणि एक टोक फ्रेमकडे दाबा. दुसरंही सोबत हललं तर खेळ मधल्या बेअरिंगमध्ये आहे. डावं एकटंच हललं तर तो क्रँकचाच दोष. मग त्याच लांबीचा नवा डावा क्रँक घ्या आणि बसवताना समोर उभ्या राहा. एक्सलचा चौकोन फडक्याने पुसलेला हवा. बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल, तर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १५ ते २० किलोचा जोर, एवढा अंदाज धरा. घरातली तांदळाची मोठी पिशवी एका हाताने उचलताना लागतो तसा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासा, तेव्हा थोडासा फिरतो. त्यानंतर तो वर्षभर विचारत नाही.

जुना क्रँक काढताना पुलर नावाचं हत्यार लागतं. आधी बोल्ट काढायचा, त्याखालची वॉशर काढायची, आणि मगच पुलर क्रँकच्या आट्यांत पूर्ण आत, हाताने जाईल तिथपर्यंत फिरवायचा. दोन आट्यांवर लावून जोर केला तर तेही आटे निघून येतात आणि एका दुखण्याची दोन होतात. वॉशर आत विसरल्यानेही हेच होतं. मुलाला या वेळी सोबत घेऊन जा. सातवीतल्या मुलाला हे सगळं समजतं.

प्रश्न: लहान बहिणीच्या सायकलचं पायडल तुटलं म्हणून माझ्या जुन्या एमटीबीचं (माउंटन बाइकचं) लावून पाहिलं. भोकात शिरतच नाही. घासून बारीक करू का? (कोल्हापूर)

उत्तर: करू नका. तिच्या सायकलचा क्रँक एका सळईतून वाकवलेला, अखंड असणार. त्याला अर्ध्या इंचाचं पायडल लागतं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तुमचं १४.३ चं आहे. अर्ध्या इंचाची जोडी मागा, साध्या दुकानात मिळते. आणि उलटं कधी झालं, बारीक पायडल मोठ्या भोकात सैल शिरलं, तर त्यावर कापड किंवा टेप गुंडाळून लहान मुलाला बसवू नका.

प्रश्न: माझ्या एमटीबीला पोकळ एक्सलचा क्रँक आहे, डाव्या हातावर दोन बारीक बोल्ट आणि मध्ये प्लॅस्टिकची टोपी. येऊरच्या उतारावर डावा क्रँक एक्सलवरून सरकला. बोल्ट तर मी अगदी घट्ट केले होते. (ठाणे)

उत्तर: बहुधा एकच बोल्ट घट्ट झाला होता. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात की पहिला पुन्हा सैल होतो. दोन्ही पाव-पाव फेरा, आळीपाळीने, १२ ते १४ न्यूटन-मीटर होईपर्यंत. त्याआधी मधली टोपी तिच्या खास चावीने फक्त बोटांच्या जोराने फिरवा, बाजूचा खेळ जाईल एवढीच. काही जण त्या टोपीनेच क्रँक धरला जातो असं समजून ती पिळतात आणि बेअरिंग आवळून मारतात. शेवटचं, दोन बोल्टांच्या फटीत एक छोटी पट्टी असते, तिची खुंटी एक्सलच्या भोकात खाली दाबलेली हवी. बोल्ट सैल झालेच तर तीच क्रँकला सरकू देत नाही. तुमची पट्टी वर उचललेली राहिली असावी. एक्सलच्या बारीक दात्यांवर चमकदार ओरखडे पडलेत का पाहा. क्रँकच्या आतले दाते सपाट झाले असतील तर तो हात बदला.

प्रश्न: काका, मी अकरावीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या सायकली मीच नीट करतो. गेल्या आठवड्यात मित्राचं पायडल लावताना आटे खराब केले. तो काही बोलला नाही, पण मला झोप लागली नाही. ते आता दुरुस्त होईल का, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? (सातारा)

उत्तर: तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण याला वेळ द्यायचा होता. २००९ मध्ये, माझ्या दुकानाच्या पहिल्याच पावसाळ्यात, एका कॉलेजच्या मुलाचं डावं पायडल मी पान्याने सुरू केलं आणि क्रँकचे पहिले चार आटे कापले. अठरा वर्षं आट्यांचंच काम केलेला माणूस मी. त्याला नवा क्रँक माझ्या पैशांनी दिला आणि त्या दिवसापासून पायडल लावताना पहिले तीन फेरे हातात पाना घेतलेला नाही.

तुझ्या मित्राचा क्रँक आधी बघू. पायडल बाहेरून आत गेलं, म्हणजे बाहेरचे दोन-तीन आटे बिघडलेत आणि आतल्या बाजूचे शाबूत असण्याची आशा आहे. ९/१६ चा २० आट्यांचा टॅप मिळव, डाव्यासाठी डावा, आणि तो क्रँकच्या आतल्या बाजूने, फ्रेमकडून घाल. चांगल्या आट्यांत शिरून तो बिघडलेल्यांना वाट दाखवत बाहेर येतो. तेल लाव, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप नसेल तर त्याच बाजूच्या जुन्या पोलादी पायडलच्या दांड्यावर कानशीने लांबीच्या दिशेने दोन खाचा पाड. तोही आटे साफ करतो, तेवढा सुबक नाही, पण करतो. नंतर पायडल हाताने सहा-सात फेरे डुगडुग न करता गेलं तर मित्राला सायकल दे. नाही गेलं तर क्रँक बदलावा लागेल, आणि ते त्याला तूच सांग.

आता पायडल कसं लावायचं. आटे फडक्याने पूस, ग्रीस लाव. दांडा भोकावर टेकव आणि आधी उलटा फिरव, सोडायच्या दिशेला. फिरवता फिरवता एका जागी बारीकसा ‘टक्’ लागेल. तिथे पहिला आटा पहिल्या आट्यावरून खाली उतरलेला असतो. तिथून आवळायच्या दिशेला वळव, दोन बोटांनीच. सरळ लागलं असेल तर ते पाण्यातून फिरल्यासारखं जातं. बोटांना अडलं की बाहेर काढ, पुन्हा पूस, पुन्हा टक् शोध. पाना फक्त शेवटच्या आवळण्यासाठी, आणि तेव्हा मात्र नीट जोर लाव, ३५ न्यूटन-मीटरच्या खाली नको. सैल राहिलेलं पायडलही आटे खातं.

हे पन्नास वेळा केल्याशिवाय बोटांना कळत नाही. माझ्या दुकानात चौकोन गेलेल्या क्रँकची बादली भरलेली आहे, त्यातल्या बऱ्याच जणांची पायडलची भोकं मात्र शाबूत आहेत. एक डावा, एक उजवा आणि जुन्या पायडलांची जोडी संपादकांमार्फत तुझ्या पत्त्यावर पाठवतो. आधी डोळे उघडे ठेवून लाव-काढ कर, मग मिटून. डाव्यापासून सुरू कर.